सांगा महाराज, तेल कोणाच्या डोक्याला?

उमरबोडीच्या समाजमंदिरापुढे त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. धान मळून घरात आलं होतं, संक्रांतीचा तीळगूळ खाऊन झाला होता, लोकांच्या हाताला काम नव्हतं आणि समोर फुकटात चमत्कार पाहायला मिळत होता. आरमोरीकडून आलेल्या काळ्या-पिवळ्या जीपचा ड्रायव्हर गाडी रस्त्यात उभी करून गर्दीत घुसला होता. त्याचे प्रवासी त्याच्या आधीच उतरले होते.

चमत्कार सतरंजीवर ओळीने बसला होता. गावातल्या पंधरा-वीस बाया माना खाली घालून, पदर खांद्यावर टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मागून जटानाथ महाराज हातात मोरपीस घेऊन फिरत होते. एकेका भांगावर मोरपीस टेकवायचं आणि गर्दीकडे वळायचं.

"पाहा, पाहा. पऱ्हे उगवले. धानाच्या बांधीत उगवते तसे उगवून राह्यले. ये सब जंगलमाता की किरपा है. अपन तो सिर्फ निमित्त."

आणि खरंच, प्रत्येक भांगाच्या दोन्ही अंगांना धानाच्या कोवळ्या रोपांसारखे बोटभर उंचीचे, काळे, ताठ, नवे केस उभे होते. त्यात खोटं काढायला जागा नव्हती. हेच तर अवघड होतं. खोट्या चमत्काराची शेपटी धरता येते, खऱ्या केसांचं काय करायचं?

झालं होतं ते असं. पावसाळ्यात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना गावाला तापाने झोडपलं. टायफॉईड म्हणाले डॉक्टर. रोवण्याला जाणाऱ्या बायांचे जथेच्या जथे अंथरुणावर पडले. आरोग्य केंद्राच्या गोळ्यांनी ताप उतरला, बाया कामाला लागल्या, आणि धान कापायला येईपर्यंत त्यांचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कसे, फणी फिरवली की फणीच दिसेना. गाव हबकलं. नेमके त्याच सुमारास, जणू कोणी फोन करून बोलावले असावेत तसे, जटानाथ महाराज अवतरले. त्यांनी डोळे मिटले आणि निदान केलं: गावाच्या बोडीतल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, कोपल्या आहेत. ज्या ज्या बाया बोडीवर गेल्या, त्यांचे केस आसरांनी ओढून नेले.

गावाने आठवून पाहिलं. तळ्यावजा त्या बोडीच्या काठच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, ज्यांनी रोवणा केला, त्यांचेच केस गळत होते. घरी राहिलेल्यांचे शाबूत होते. मग आणखी काय पुरावा पाहिजे? महाराजांचं 'वनकेशर तेल' बाटल्या-बाटल्यांनी घरोघर गेलं, आणि आता हे पऱ्हे.

गर्दीच्या कडेला प्रफुल मास्तर उभा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. वय तिशीचं, डोकं पन्नाशीचं. कपाळ कुठे संपतं आणि टाळू कुठे सुरू होते याचा निकाल लागायचा होता. त्याला भुताखेतांचा, बाबाबुवांचा मनस्वी राग, आणि जरा घाईही. महाराजांचे कमरेपर्यंत लोंबणारे काळेभोर केस पाहून त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हा टोप आहे. आपल्या झाडीपट्टीत नाटकांना काय तोटा? असला टोप वडसाच्या कोणत्याही नाटक कंपनीत मिळतो.

"महाराज," तो मोठ्याने म्हणाला, "लोकाइचे केस पाहून झाले. आता तुमचे पाहू द्या. टोप आहे का खरे?"

साऱ्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज मात्र गोड हसले. चालत आले, मास्तरापुढे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "ओढा."

मास्तराने ओढले. दोन्ही हातांनी, चांगला पाय रोवून. महाराजांच्या तोंडून जो 'आई गं' निघाला तो अस्सल होता, आणि केसही अस्सल होते.

डोळ्यातलं पाणी पुसत महाराज वळले. मास्तराच्या डोक्याकडे त्यांनी वरून, बाजूने, पुन्हा वरून पाहिलं. "आता तुमचे ओढू का मास्तर? कुठून धरू, तेवढं फक्त सांगा."

जी हसली गर्दी! जीपचा ड्रायव्हर तर मांडीवर थापा मारून मारून हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "ज्याले सोताच्या डोक्यावर एक रोप नाई लावता आलं, तो आमाले शेती शिकवते," कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य मास्तराच्या आधी घरी पोचलं.

मास्तराला हसण्याचं दुःख नव्हतं. म्हणजे होतं थोडं. पण खरं दुःख घरात खाटेवर बसलं होतं, भर दुपारी अंगावर ब्लँकेट घेऊन.

पुनम, त्याची धाकटी बहीण. गेल्या वर्षीपर्यंत पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावायची, गावातल्या पोरांना मागे टाकायची. मग तिला थायरॉईड निघाला. गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सावरू लागली, पण गेलेले केस काही झटपट येईनात. तेवढ्यात महाराज आले. माय, म्हणजे भागीरथाबाई, तिला घेऊन गेली. महाराज म्हणाले, इंग्रजी गोळी पोटात असली की तेल मुळात उतरत नाही. गोळी सोड. पुनमने सोडली. आता तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, अंगणापासून विहिरीपर्यंत गेली तरी धाप लागत होती. डोक्याला कायम ओढणी.

"पुनम, गोळी सुरू कर नं," मास्तर रोजच्यासारखा म्हणाला.

"भाऊ, साऱ्या बायाइले केस आले. मलेच नाई आले. त्याइनं गोळ्या नाई घेतल्या, म्या इतके महिने घेतल्या होत्या. महाराज म्हणते, माह्या मनात खोट आहे, म्हणून तेल लागत नाई." ती सावकाश, अडखळत बोलत होती. "सोमवारपासून अनुष्ठान सांगतलं त्याइनं. निस्तं पाण्यावर राहाचं."

जिला चार पावलं चालवत नव्हतं ती पाण्यावर राहणार होती. रागावून उपयोग नव्हता, तो रोजच रागावत होता. तिच्या डोळ्यांपुढे ते पऱ्हे उभे होते, आणि त्या पऱ्ह्यांपुढे भावाचं विज्ञान टकलं ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तालुक्याचा दवाखाना गाठला. वरोऱ्याकडच्या डॉ. माधवी तिथे होत्या. पुनमचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तिच्या गळ्यातली ग्रंथी काम कमी करते, त्याची भरपाई गोळी करते. गोळी बंद म्हणजे सगळं शरीर मंदावणार. केस तर सोडाच, हृदयावर येईल. आजच्या आज सुरू करायला सांगा. उपास तर अजिबात नको."

"पुनम ऐकत नाई मॅडम. बाकीच्या बायाइले केस आले नं."

"त्यांना पावसाळ्यात ताप आला होता?"

"हाव. टायफॉईड."

डॉक्टर हसल्या. "मग येणारच होते. मोठा ताप येऊन गेला की केसांची मुळं सुट्टीवर जातात. दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात. माणूस घाबरतो, पण मुळं मेलेली नसतात. सुट्टी संपली की कामावर हजर. तेल लावा, नका लावू. बाळंतपणानंतरही असंच होतं. तुमचे महाराज मोठे हुशार दिसतात. गेल्या वर्षी पलीकडच्या दोन गावांत ताप होता, तिथूनही असल्याच तेलाची गोष्ट माझ्याकडे आली होती. पुढे ताप, मागे महाराज."

मास्तर उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "मॅडम, एक मित्र आहे माहा. त्याचे समोरून केस गेले. ताप-बीप काही नाई."

"तुमच्याच वयाचा असेल."

"हाव. जवळपास."

"त्या मित्राला सांगा, पुरुषांचं टक्कल बहुतेक वेळा घराण्यातून येतं. औषधं आहेत. लवकर सुरू केली तर गळती थांबते, काहींना थोडे येतातही, पण औषध सोडलं की पुन्हा जातात. डॉक्टरला विचारून घ्यायची. आणि नाही घेतली तरी मित्र काही मरत नाही."

घरी आल्यावर मास्तर ओट्यावर बसून विचार करत राहिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती, एवढं त्याला कळलं. पण बोडीचं काय? बोडीवर गेलेल्यांचेच केस गेले, हे तर खरं होतं.

समोर माय केस विंचरत होती. पांढरे, पण दाट. मास्तर पाहतच राहिला.

"माय, तू रोवण्याले बोडीवरच होती नं?"

"होती तं. रोज तिथीच आंग धुवो, डोकं धुवो."

"मग आसराइनं तुले काऊन सोडलं?"

मायची फणी थांबली. याचा विचार तिने केलाच नव्हता. "मले ताप कुठी आला?" ती म्हणाली. "मी त्या बोडीचं पाणी पेत नाई बाप्पा. त्यात ढोरं बसते. मी घरून चहाची किटली नेवो."

बस्स. आसरा-बिसरा कोणी नव्हतं. बांधीत कमरेत वाकून दिवसभर काम करायचं आणि तहान लागली की हाताशी असलेल्या बोडीतलं पाणी ओंजळीने प्यायचं, ही या भागातली जुनी रीत. पाण्यातून ताप आला, तापातून केस गेले. महाराजांनी बोडीवर बोट ठेवलं ते बरोबर जागी होतं, फक्त आत आसरा बसवल्या. आयत्या बिळावर नागोबा.

पण हे पुनमला सांगून ती मानणार नव्हती, हे मास्तर जाणून होता. तिला डोळ्यांनी दिसायला पाहिजे होतं. म्हणून तो बौद्धवाड्यातल्या कमलाबाई रामटेक्यांकडे गेला. कमलाबाई साठीच्या, जिभेला हाड नसलेल्या. त्यांना ताप आला होता, केस गेले होते, आणि महाराजांच्या तेलाला त्यांनी हातही लावला नव्हता. मास्तराने त्यांच्या भांगाकडे पाहिलं. पऱ्हे होते.

"अशा आणखी कोण आहेत, कमलाबाई? ताप आलेल्या, तेल न लावलेल्या?"

"आहेत लय. कोणाले तेल परवडलं नाई, कोणाच्या नवऱ्यानं आणू नाई देल्लं. काऊन?"

मास्तराने सांगितलं. कमलाबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. "मास्तर, तू काही बोलू नको. तू बोलला की लोकं तुह्या टकलाकडे पाह्यते. मी पाह्यतो काय कराचं ते."

रविवारी महाराजांचा निरोपाचा भंडारा होता. पुन्हा सारं गाव जमलं. पुनमही आली होती, मायच्या आधाराने. सरपंचबाई रंजीताताईंनी भंडाऱ्याचा सगळा भार उचलला होता, महाराजांच्या त्या पट्टशिष्या. कमलाबाई हात जोडून पुढे झाल्या.

"महाराज, मास्तर म्हणते का तुमाले तुमचंच तेल वळखू येत नाई. आमचा जीव जळते बाप्पा. दाखवून द्या त्याले."

महाराजांनी मास्तराकडे दयेने पाहिलं. "अरे, बाप आपलं लेकरू नाई ओळखणार? अंधाऱ्या कोठडीत ओळखीन."

शंभर लोकांनी ऐकलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. सतरंजी अंथरली. काही बाया महाराजांचं तेल लावणाऱ्या, काही न लावणाऱ्या, अशा मिसळून पाठमोऱ्या बसल्या. तोंडावर पदर, केस मोकळे. महाराजांवर विश्वास असलेल्याच जास्त उत्साहाने बसल्या होत्या, कारण त्यांना मास्तराची जिरलेली पाहायची होती. साऱ्यांच्या डोक्याला तेल होतं. कोणाचं बाटलीतलं, कोणाचं घरचं.

महाराज पहिल्या डोक्यापाशी थांबले. भांग पाहिला. वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. "वाह. हीच ती. माझ्या तेलाचा कण न् कण मुरला इथे. किती श्रद्धा, किती पवित्र मन. सारी किरपा या डोक्यावर उतरली."

पदर बाजूला झाला. कमलाबाई होत्या.

"वास बराबर घेतला महाराज," त्या म्हणाल्या. "मोहाच्या टोरीचं, बियाइचं तेल आहे. घरच्या घाण्याचं. तुमच्या बाटलीतही तेच आहे वाटते."

गर्दीतून एक खसखस उठली आणि विरली. महाराज घाईने पुढे सरकले. दोन डोकी बरोबर सांगितली, तेवढी तर नाणं उडवूनही येतात. पुढच्या डोक्यापाशी ते सावध झाले. नाक मुरडलं. "हे डोकं नास्तिकाचं. इथे माझं तेल कधी पोचलं नाई. पऱ्हेही कसे मरतुकडे."

पदर भिरकावला गेला. रंजीताताई सरपंच, डोळ्यांत अंगार.

"मी नास्तिक? घरातल्या देव्हाऱ्यात तुमचा फोटू ठेवला म्या. बाटल्या ठेवाले कपाटात जागा नाई राह्यली, आणि पऱ्हे मरतुकडे?"

मग गर्दी कोणाच्या बापाला आवरते? समाजमंदिराचे पत्रे वाजले हसण्याने. महाराजांचा चेला झिंगू हळूच बाटल्या पोत्यात भरू लागला.

मास्तर तेव्हा पुढे आला. "ओळीतल्या बायाइनं फक्त एवढं सांगा. रोवण्यात ताप कोणाकोणाले आला होता?"

साऱ्यांचे हात वर गेले.

"आणि महाराजाचं तेल कोणी लावलं?"

अर्धे हात खाली आले. लोकांनी वर राहिलेले हात पाहिले, खाली आलेले पाहिले, मग भांग पाहिले. भांग सगळे सारखेच होते. मास्तराने तापाची, मुळांच्या सुट्टीची आणि बोडीच्या पाण्याची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. या वेळी त्याच्या डोक्याकडे कोणी पाहत नव्हतं.

महाराजांनी अजून हार मानली नव्हती. "संशय," ते गरजले, "या गावात संशय घुसला. संशयानं किरपा झाकली जाते."

"महाराज."

आवाज घोगरा होता, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. पुनम उभी राहिली होती. तिने डोक्यावरची ओढणी काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, साऱ्या गावासमोर. विरळ झालेल्या केसांतून टाळू दिसत होती. आता कोणी हसत नव्हतं.

"म्या रोज तेल लावलं. तुम्ही म्हणलं तसं बिनमिठाचं जेवली. गोळ्या सोडल्या. तुम्ही म्हणाले माह्या मनात खोट आहे, म्हणून केस येत नाई." तिला धाप लागली, ती थांबली, पण बसली नाही. "कमलाबाई, तुमच्या मनात श्रद्धा होती का?"

"श्रद्धा? मी तं याले उठता-बसता शिव्या देत होती."

"शिव्या देऊन कमलाबाईले केस आले. मग माह्या मनातली खोट तुम्ही कुठून पाह्यली महाराज? मी रात्रंदिवस तेच शोधून राह्यली होती. माह्यात काय वाईट आहे, माह्यात काय वाईट आहे."

महाराज मोरपीस सावरत झिंगूच्या पोत्याकडे सरकले. भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. आपणच पोरीचा हात धरून या माणसाच्या दारात नेलं, हे त्या माऊलीला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि ते कळणं पाहवत नव्हतं.

पुढे पोलीस पाटलाने महाराजांना जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली. भंडाऱ्याचं जेवण गावाने जेवून घेतलं, अन्नाचा काय दोष? महाराज मात्र न जेवताच गेले. त्यांचे केस शेवटपर्यंत खरेच होते. त्यांना केस होते कारण त्यांना केस होते, एवढीच त्यात गोम. उसाच्या शेतात उभा राहिलेला माणूस काही ऊस पिकवणारा असतोच असं नाही.

त्याच दिवशी मायने पेल्यात पाणी आणलं, गोळी हातावर ठेवली आणि समोर बसून राहिली. पुनमने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मास्तर तिला दवाखान्यात घेऊन गेला. सूज उतरायला वेळ लागला, केसांना त्याहून जास्त. अजूनही पहिल्यासारखे झालेले नाहीत. पण ती पुन्हा पहाटे रस्त्यावर धावते, आणि ओढणी कमरेला बांधते.

तर बायाबापड्यांनो, केस गेले म्हणून लाज वाटून घेऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. केस तापाने जातात, बाळंतपणाने जातात, रक्त कमी झालं की जातात, थायरॉईडने जातात, चाईचे गोल चट्टे पडून जातात, आणि काहींचे निव्वळ बापाकडून आलेल्या वारशाने जातात. यातले काही आपोआप येतात, काही औषधाने येतात, काही येत नाहीत. आपले कोणते, हे डॉक्टरला विचारा. रोवण्याला जाताना उकळलेलं पाणी घरून न्या. चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणि चमत्कार दिसला, तर ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं काय झालं, तेवढं एकदा जाऊन पाहा.

खऱ्या वैद्याचं औषध लागू पडलं नाही तर तो औषध बदलतो. गुण आला तर माझी कृपा आणि नाही आला तर तुझं पाप, असं जो म्हणतो, त्याच्या दारातून पोरीबाळींना घेऊन परत फिरा.